‘रजिस्ट्रेशन झालं, आता कोण तोडतंय?’ या मेसेजचा प्रतिवाद

घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच राहतो. ‘फ्लॅटला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, बाल्कनी आत घेतली आहे, वर एखादा मजला वाढवला आहे, म्हणून घाबरू नका. दस्त नोंदला गेला की व्यवहार सरकारमान्य. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद तपासले गेले. घरपट्टी आणि लाइट बिल येतं म्हणजे महापालिकेची मान्यता आहे. बारा वर्षं झाली की कोणी हात लावू शकत नाही. अगदीच वेळ आली तर दंड भरून नियमित होतं, आणि जबाबदारी ज्याने बांधलं त्याची. असं घर स्वस्त मिळतं, संधी सोडू नका.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. आयुष्यभराची पुंजी लावताना लोक त्यावर विसंबतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. बोलतो आहे ते महाराष्ट्रातल्या घरांबद्दल.

‘दस्त नोंदला गेला की व्यवहार सरकारमान्य.’ दुय्यम निबंधक अमक्याने तमक्याला अमुक मिळकत विकली याची नोंद घेतो, मुद्रांक शुल्क भरलंय का ते पाहतो आणि तुमच्या हातात इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदीचा उतारा, येतो. इमारतीचा चौथा मजला मंजूर नकाशात आहे का, हे तपासायला तो जागेवर जात नाही आणि ते त्याचं कामही नाही. बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाचा. शहरात ती महापालिका किंवा नगरपरिषद असते, काही भागांत सिडको, एमएमआरडीए किंवा पीएमआरडीए. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, त्याखाली ही परवानगी मिळते. तिचे कागद मोजकेच आहेत: मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, आणि काम नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्यावर मिळणारं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. विकणाऱ्याने दाखवलेली फाइल कितीही जाड असली तरी आधी हे तीन कागद शोधा.

बँकेचा मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो ऐकायला पटतो. एवढी मोठी बँक आपले पैसे उगाच कशाला अडकवेल? पण बँकेचा वकील मुख्यतः मालकीहक्काची साखळी पाहतो, म्हणजे मिळकत कोणाकडून कोणाकडे आली आणि तिच्यावर आधीचा बोजा आहे का. मूल्यांकन करणारा बाजारभाव सांगतो. शिवाय बँकेची भिस्त एकट्या घरावर नसते. तुमचा पगार, सहकर्जदार, जामीनदार हे सगळं तिच्या हातात असतं. उद्या तो मजला पाडला गेला तर तारण संपेल, कर्ज संपणार नाही. हप्ता तुमच्याच खात्यातून जात राहील. खुद्द सर्वोच्च न्यायालयाला 17 डिसेंबर 2024 च्या निकालात बँकांना सांगावं लागलं, की इमारत तारण घेताना पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्राची खात्री करूनच कर्ज मंजूर करा. मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या अनधिकृत बांधकामाचं ते प्रकरण होतं. कर्ज मंजूर होणं म्हणजेच पुरेशी तपासणी असती, तर हे सांगायची गरज पडली नसती.

इथे कोणी म्हणेल, निदान रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाकडची, नोंदणी तरी पुरेशी असेल ना? कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा. तिथे बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत राहणारे लोक सामान्य नोकरदार होते. त्यांच्याकडे करार होते, अनेकांच्या डोक्यावर कर्जं होती, आणि रेरा क्रमांकावर त्यांचा विश्वास होता. या माणसांना मी दोष देणार नाही, फसवणूक त्यांची झाली. पण त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट घ्यायलाच हवी. परवानगीचा कागद विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवरून ताडायचा नाही. तो ज्या कार्यालयाने दिला असं म्हटलं जातं, त्याच कार्यालयातून पडताळून घ्यायचा. माहितीच्या अधिकारात अर्ज करून मंजूर नकाशा, सीसी आणि ओसीच्या प्रमाणित प्रती मागता येतात. वेळ लागतो, हे खरं. पण ज्या व्यवहारात विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नाही, त्या व्यवहाराबद्दल मला आधीच शंका येते.

घरपट्टीबद्दल तर कायद्यातच स्पष्ट उत्तर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराखेरीज दंड आकारायची तरतूद आहे. मूळ तरतुदीत तो कराच्या दुप्पट होता. लोक त्याला शास्तीकर म्हणतात. त्याच कलमात असंही म्हटलं आहे, की हा कर आणि दंड वसूल केला म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढायचा नाही. म्हणजे घरपट्टीचं बिल कधीकधी उलटा पुरावा ठरतं. बिलात शास्तीची रक्कम दिसली, तर ते बांधकाम महापालिकेच्याच दफ्तरी अनधिकृत म्हणून नोंदलेलं आहे. जुनी बिलं मागून घ्या आणि ती ओळ शोधा. पुढे एखाद्या शहरात शास्तीकर माफ झाला, तरी माफ होतो तो दंड. बांधकामाचा दर्जा त्याने बदलत नाही.

लाइट बिलाचंही तेच. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत, जिचे वाढीव मजले अनधिकृत ठरले, वीज होती, नोंदणीकृत सोसायट्याही होत्या.

आता ‘बारा वर्षां’कडे येऊ. मेसेजमधला हा भाग सगळ्यात घट्ट रुजलेला आहे, म्हणून जरा सविस्तर. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे 1963 च्या अधिनियमात, बारा वर्षांचा आकडा खरंच आहे. एखाद्याने दुसऱ्याच्या जागेचा ताबा उघडपणे, सलग आणि मालकाच्या हक्काला विरोध करत ठेवला, आणि खऱ्या मालकाने बारा वर्षांत दावा केला नाही, तर त्याचा परत मिळवण्याचा हक्क जाऊ शकतो. सरकारी जागेसाठी तीच मुदत तीस वर्षांची आहे. हा प्रश्न जागा कोणाची, याचा आहे. बांधकामाला परवानगी होती का, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या स्वतःच्या, निर्विवाद मालकीच्या जागेवरही विनापरवाना बांधलेला मजला विनापरवानाच राहतो, मग तो दहा वर्षांचा असो की तीस.

तीच कॅम्पा कोला वसाहत याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. 1980 च्या दशकात तिथल्या सात इमारतींत मंजुरीपेक्षा जास्त असे एकूण 35 मजले चढले. कुटुंबं तिथे जवळपास पाव शतक राहिली. फेब्रुवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करायला नकार दिला. वाढीव बांधकामाला मंजुरी नाही याची खरेदीदारांना कल्पना होती, हेही निकालात नोंदवलं गेलं. जून 2014 मध्ये त्या मजल्यांचं वीज, पाणी आणि गॅस तोडायला महापालिकेची माणसं दारात उभी होती. 2024 च्या मेरठ निकालातही न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं: काळ लोटला, अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला किंवा बराच पैसा गुंतला, म्हणून अनधिकृत बांधकाम टिकवता येणार नाही.

‘दंड भरून नियमित होतं.’ इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. काही बांधकामं नियमित होतात. एमआरटीपीच्या कलम 53 खाली नोटीस आली, तर बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 प्रमाणे परवानगीचा अर्ज करता येतो. 2017 मध्ये आलेल्या कलम 52 अ ने 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी प्रशमनाची, म्हणजे शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची, वाट दिली. गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आली. पण या प्रत्येक वाटेवर अटींचे खांब आहेत. चटईक्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर बांधायला मुभा असलेलं क्षेत्र, शिल्लक हवं किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचे विकत मिळणारे बांधकाम हक्क) घेता यायला हवा. बाजूची मोकळी जागा किमान मर्यादेखाली गेलेली नसावी. अग्निशमनाच्या अटी पाळलेल्या असाव्यात. आरक्षणाची जमीन, रस्तारुंदीची रेषा, नदीची पूररेषा, सागरी नियमन क्षेत्र यांत बांधकाम असेल, तर पैसे मोजूनही वाट बंद असू शकते. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2024-25 मध्ये पाडल्या गेल्या, तेव्हा दंड भरायला तयार असलेली माणसं तिथेही असतीलच.

म्हणून ‘होतं की नियमित’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं, तर त्याला एकच विनंती करा: मग आधी करून घ्या, आम्ही थांबतो. तो म्हणतो तितकं सोपं आणि स्वस्त असेल, तर त्याला अडचण नसावी. नियमित घराला भाव जास्त मिळतो, फायदा त्याचाच आहे.

‘जबाबदारी ज्याने बांधलं त्याची.’ या वाक्याने किती घरांचं नुकसान केलं असेल, त्याची कल्पना करवत नाही. बेकायदा बांधल्याचा गुन्हा बांधणाऱ्यावर दाखल होऊ शकतो, हे बरोबर. पण तोडफोड बांधकामाची होते, आणि बांधकाम खरेदीनंतर तुमचं असतं. नोटीस येते ती आज मालक असलेल्या आणि आत राहणाऱ्या माणसाच्या दारावर. कॅम्पा कोलाच्या खरेदीदारांनाही न्यायालयाने बिल्डरविरुद्ध योग्य तो मार्ग मोकळा ठेवला. मार्ग मोकळा असणं आणि पैसे हातात येणं यांत कधीकधी एक पिढी जाते.

विकणाऱ्याने लपवलं तर? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 55 विकणाऱ्यावर दोष सांगण्याचं बंधन घालतं. मात्र ते बंधन आहे त्याला माहीत असलेल्या, खरेदीदाराला माहीत नसलेल्या आणि साधी काळजी घेऊनही न सापडणाऱ्या दोषापुरतं. मंजूर नकाशा महापालिकेत मिळत होता आणि तुम्ही मागितलाच नाही, तर तुमची बाजू कमकुवत होते. हमीपत्राचंही तसंच. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘पुढे काही झाल्यास मी जबाबदार’ असं लिहून दिलेला माणूस पाच वर्षांनी कुठे असेल, आणि त्याच्याकडे वसूल करण्याजोगं काय असेल? आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. 1963 चा महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे मोफा, पूर्णत्वाचा दाखला नसताना ताबा द्यायला बिल्डरला मनाई करतोच, पण अशा फ्लॅटचा ताबा घ्यायला खरेदीदारालाही मनाई करतो.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. घर कमी किमतीत मिळतं हे खरं, पण हिशेब तिथे थांबत नाही. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा जागरूक गिऱ्हाईक हाच प्रश्न तुम्हाला विचारेल. पुनर्विकास आला, तर नव्या घराचं क्षेत्र अधिकृत क्षेत्रावरून ठरतं, आत घेतलेल्या बाल्कनीवरून किंवा गच्चीवरच्या खोलीवरून नाही. म्हणजे विकत घेताना ज्या चौरस फुटांचे पैसे मोजले, ते पुनर्विकासात हिशेबातच येत नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. तीन मजल्यांसाठी आखलेल्या पायावर पाच मजले चढवले, तर तो भार कोणी तपासलेला नसतो. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळली, 74 माणसं गेली. परवानगीची प्रक्रिया कितीही कंटाळवाणी असली, तरी तिच्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, ती याचसाठी.

सगळी वाढीव बांधकामं एकाच मापाने तोलू नयेत, हेही सांगतो. खिडकीवरची पत्र्याची पडवी काढून टाकता येते. आत घेतलेली बाल्कनी काही ठिकाणी प्रीमियम भरून नियमित होऊ शकते, नाहीतर पूर्ववत करता येते. पार्किंगच्या जागेत भिंती घालून केलेला फ्लॅट, मंजूर नकाशात नसलेला अख्खा मजला, ओसी नसलेली पूर्ण इमारत ही वेगळी जात आहे. पहिल्या प्रकारात वाटाघाटीला जागा आहे. दुसऱ्या प्रकारात, माझं स्पष्ट मत, उठून यावं.

वाटाघाट करायचीच असेल, तर टोकन देण्याआधी परवानाधारक आर्किटेक्टला मंजूर नकाशा घेऊन घरात फिरवा. भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेऊ द्या आणि फरक लेखी मागा. सोसायटीकडून लेखी घ्या की या फ्लॅटला कोणतीही नोटीस आलेली नाही. मग साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, अट घाला: अमुक बांधकाम विकणाऱ्याने अमुक तारखेआधी स्वतःच्या खर्चाने नियमित करून त्याचा दाखला द्यायचा, किंवा काढून जागा नकाशाप्रमाणे करायची. ते न झाल्यास करार रद्द आणि विसाराची पूर्ण रक्कम परत. रक्कम परत करण्याची मुदतही त्याच परिच्छेदात लिहून घ्या, आणि किंमत ठरवताना नकाशातलं क्षेत्रच धरा.

जे आधीच अशा घरात राहतात, त्यांनी घाबरून गप्प बसू नये. पूर्ण इमारतीलाच ओसी नसेल, तर एकेका फ्लॅटवाल्याने धावपळ करण्यापेक्षा सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून एकच आर्किटेक्ट नेमावा, नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतला फरक काढून घ्यावा आणि सुधारित नकाशासह ओसीचा अर्ज करावा. नोटीस आलीच, तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्यावं. मुदत गेल्यावर बचावाचे बरेच रस्ते बंद होतात.