३२ जीबी आणि सामाईक विहीर

"डेटा फक्त ३२ जीबी? अहो, माझ्या मोबाइलमध्ये मावेल! मग रात्रभर करता काय तुम्ही?" अंबडच्या कारखान्यात साहेबांचा हा प्रश्न आठवड्यातून एकदा ठरलेला.

मी काहीच करत नाही. करतो तो बॅकअप, आणि तोही बहुतेक वेळ वाटच बघतो.

३२ जीबीची एकच फाइल असती तर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने साडेपाच मिनिटांत उरकली असती. आमच्याकडे तेवढाच माल ८ केबीच्या ४० लाख फाइलींत आहे. प्रत्येक फाइल शोधा, उघडा, वाचा, मिटा: ५ मिलिसेकंद धरा. झाले २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. द्राक्षांचा ट्रक भरून धाडणं वेगळं आणि एकेका मण्याची पावती फाडणं वेगळं.

त्यात फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली लावून ठेवणारी व्यवस्था, क्लस्टरची: चार सर्व्हर (प्रत्येकाला नोड म्हणायचं) एकच डिस्क वापरतात. ही जीएफएस२ म्हणजे निफाडकडची चार भावांतली सामाईक विहीर. पाणी सगळ्यांचं, पण मोटर टाकण्याआधी बाकी तिघांना विचारायचं. इथे प्रत्येक फाइलीला वेगळं कुलूप. दुसरा नोड तिच्यात लिहीत असेल, तर आधी त्याने लिखाण डिस्कवर उतरवायचं, मग कुलूप सोडायचं, मग आपण वाचायचं. फाइल एवढीशी आणि बोलणी भाऊबंदकीची.

एटाइमची तऱ्हा आणखी न्यारी. फाइल नुसती वाचली तरी 'कधी वाचली' हे लिहून ठेवायची सिस्टिमला हौस. रिलेटाइम नावाची सेटिंग ही नोंद शक्यतो २४ तासांत एकदाच करते म्हणे. बॅकअपही २४ तासांत एकदाच येतो! वाचायला गेलेला गडी लाखो वेळा लिहून परततो. फाइल सिस्टिम माउंट करताना, म्हणजे मशीनला जोडताना, नोएटाइम ('वाचल्याची नोंद नको') घाला, पहिला दिलासा तिथेच.

पहाटे बॅकअप संपतो, पण कुलपं त्याच नोडच्या खिशात राहतात. साडेनऊला अकाउंट्सच्या मॅडम विचारतात, "नेट स्लो आहे का हो?" नेटचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो; बाकीचे नोड एकेक कुलूप मागून घेत असतात. बॅकअप संपल्या संपल्या त्या नोडवर ड्रॉप-कॅशेसमध्ये (मेमरीत धरून ठेवलेलं सोडायला लावणारी लिनक्सची सोय) ३ लिहायचं, की कुलपं सुटतात. ही ओळ स्क्रिप्टच्या शेवटी हमखास राहून जाते.

त्याहून चांगला उतारा म्हणजे, ज्या फोल्डरवर जो नोड राबतो त्यानेच त्याचा बॅकअप घ्यावा. कुलपं आधीच त्याच्या हातात असतात आणि चौघे एकदम कामाला लागतात. नाहीतर एफएसफ्रीझ कमांडने क्षणभर सगळं थांबवून स्टोरेजवर स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घ्यावा आणि तो वेगळ्या, एकट्या मशीनवर लॉक-नोलॉकने, म्हणजे बिनकुलपाचा, माउंट करावा. पाणी टाकीत भरून घेतलं, आता विचारायचं कुणाला? फक्त तोच स्नॅपशॉट दोन मशीनवर एकदम लावू नका. तिथे कुलूपच नसतं, दोघांनी लिहिलं की फाइल सिस्टिम गेलीच.

रिस्टोअरला, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणायला, मात्र ४० लाख फाइली नव्याने जन्माला घालाव्या लागतात: जागा शोधा, आयनोड (फाइलीचं नोंदपत्रक) द्या, फोल्डरमध्ये नाव चढवा, जर्नलमध्ये (बदलांच्या वहीत) नोंद करा. वाचण्यापेक्षा हे जास्तच. त्याला किती वेळ लागेल, हे साहेबांनी अजून विचारलेलं नाही. मीही विषय काढत नाही.