जोडप्याचं डोकं आणि नागडी मालमत्ता

गोव्यातल्या जमिनीचा जुना पोर्तुगीज दस्त इंग्रजीत करून मागणारा माणूस हमखास म्हणतो, "दोनच पानं आहेत हो, संध्याकाळपर्यंत होतील ना?" पानं दोनच असतात, पण निम्मे शब्द कायद्याचे. शब्दकोशाला विचारावं तर तो बिनदिक्कत उत्तर देतो, आणि तिथंच घात होतो.

'प्रेदिउ रूश्तिकु' घ्या. यंत्राला विचारलंत तर 'गावंढळ इमारत' पदरात पडते. जागेवर असतं माडांचं भाट, म्हणजे बाग. कायद्यात 'प्रेदिउ' म्हणजे कुठलीही स्थावर मिळकत, नुसती जमीनसुद्धा. चतु:सीमेतला 'नासेन्त' म्हणजे पूर्व, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाण्याचा झरा. मग मोजणीवाला भर मे महिन्यात झरा शोधत हिंडतो. 'नुआ प्रोप्रिएदाद' ही नागडी मालमत्ता नव्हे. मालकी मुलाच्या नावे, उपभोग मात्र आईबापांचा, तोही मरेपर्यंत. इंग्रजीत 'बेअर ओनरशिप'. 'नेकेड' लिहाल तर बँकेतले आधी हसतील, मग फाईल परत करतील.

'काबेसा द कझाल' हे जोडप्याचं डोकं नव्हे, कुटुंबप्रमुखही नव्हे. इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या वाटपाच्या कामात, मृताची मिळकत सांभाळणारा तो कारभारी. बहुधा मागे राहिलेला नवरा किंवा बायको. 'हेड ऑफ द फॅमिली' लिहिलं की गिऱ्हाईक समजतं, याची एक सही घेतली की काम फत्ते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. वेगळा करार नसेल तर त्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी निम्मी. म्हणून दस्तातलं 'विवाहित' हे किरकोळ दिसणारं विशेषण गाळू नये. ते गाळलं की एक सही गळते, आणि गळलेली सही पुढे कोर्टात भेटते.

सगळ्यात छळतो तो 'आफोरामेंतु'. त्याला 'लीज' म्हणायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पण लीजची मुदत संपते, आफोरामेंतु कायमचा. तो वारसांना मिळतो, विकताही येतो. कोमुनिदादीकडे, म्हणजे गावच्या जमिनी सामाईक राखणाऱ्या गावसंस्थेकडे, राहते वरची मालकी, 'दोमिनिउ दिरेक्तु'. कसणाऱ्याकडे 'दोमिनिउ उतिल', म्हणजे वापराचा हक्क. तो दरवर्षी 'फोरु' ही ठरलेली रक्कम भरतो, आणि काही जुन्या दस्तांत जमीन विकली की वरच्या मालकाला 'लाउदेमिउ' हा विक्रीवरचा वाटा द्यावा लागतो. 'फोरु'चं भाडं केलंत तर मालकाचा भाडेकरू होतो. इंग्रजीत याला 'एम्फिट्यूसिस' असा शब्द आहे खरा, पण तो ऐकून माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे जाईल. आमचं मत विचाराल तर मूळ शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत अर्थ सांगावा. पुढे तोच शब्द, प्रत्येक वेळी. शैलीसाठी प्रतिशब्द बदलणाऱ्यानं कविता कराव्यात.

विशेषनामांचं तर उलटंच. 'इल्याश'चा अर्थ बेटं, पण दस्तात तो तिसवाडी तालुका. 'शेणय' तिथं 'सिनाय' होऊन बसलेले, 'प्रभू'चे 'पोरोबो'. ही नावं दुरुस्त करू नयेत; दस्तात जशी तशीच उतरवावीत, नाहीतर माणूस एकच असूनही वारस दोन होतात. राजवटीच्या अखेरीस रुपया जाऊन एस्कुदो आला, एका रुपयाला सहा. रकमेच्या मधोमध दिसणारी डॉलरसारखी खूण त्याची आहे, तेव्हा आजोबांनी अमेरिकेत जमीन विकली अशी आशा सोडावी.

शेवटी आकडे. 'कोन्सेर्वातोरिआ'तला, म्हणजे जमीन नोंदणी कचेरीतला, वर्णन क्रमांक वेगळा, 'मात्रिझ'चा वेगळा आणि आजच्या १/१४ या जमिनीच्या उताऱ्यावरचा सर्व्हे क्रमांक तिसराच. मात्रिझ म्हणजे कर आकारणीची नोंद. तिच्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. तिन्ही क्रमांक आपापल्या नावानिशी लिहावेत, सरसकट 'रजिस्ट्रेशन नंबर' करू नये. आणि नोंदवहीच्या पान क्रमांकापुढचा, समजा ४२ पुढचा, बारीकसा 'व्ही' सांभाळावा. तो 'वेर्सु', म्हणजे पानाची मागची बाजू. तो सुटला तर दाखला निघतो पुढच्या बाजूचा, शुल्क पुन्हा भरावं लागतं, आणि त्या दाखल्यात शेजाऱ्याची विहीर सापडते.