पॅच नाकारा, पण तसं सांगा तरी

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाला मी पट्टी छापायचा छोटा प्रोग्रॅम करून दिलाय. नावाचा रकाना ठरावीक मापाचा. नाव लांबलं की प्रोग्रॅम कापतो, आणि कापताना कधी 'लक्ष्मण'चं 'लक्' होतं. सोयाबीन घालून आलेल्या माणसाच्या हातात असलं अर्धं नाव द्यायचं? आपल्याला एकच दिसणारा 'क्ष' मशीनच्या हिशेबी तीन तुकडे असतो: क, हलन्त आणि ष. संगणकात अक्षरं कशी साठवायची याचं मानक ठरवणाऱ्या युनिकोडने 2023 मध्ये 15.1 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आणला. मी ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो तिच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, तो यावा म्हणून चार-पाच रविवार बसून पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तयार केला, टेस्ट लिहिल्या, पाठवला.

सात महिने कुणी बघितला नाही. मग 'हालचाल नाही' म्हणून बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, तो बंद केला. भाषा एका मोठ्या कंपनीची, रिव्ह्यू करणारे तिच्याच पगारावर. पॅच नाकारला असता तर मी गप्प बसलो असतो. पण नाकारलासुद्धा नाही कुणी!

तरी कंपन्यांना सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने सुमारे 250 माणसं कमी केली, त्यात रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करणारेही होते. फेब्रुवारी 2021 मध्ये रस्ट फाउंडेशन उभं राहिलं, तेही पाच कंपन्यांच्या पाठबळावर. माझ्यासारख्यांच्या रविवारांवर भाषेचा कंपायलर, म्हणजे कोड मशीनला समजेल असा करून देणारा प्रोग्रॅम, चालत नाही, हे मान्यच करावं लागतं.

गावाकडं आमची सामाईक विहीर आहे. मोटार चुलत्यांची, लाईटबिल तेच भरतात, म्हणून पहिली पाळी त्यांची. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण कुणाची पाळी कधी, हे सगळ्यांना आधी माहीत असतं. न सांगता मोटार चालू झाली की भांडण झालंच.

जून 2019 मध्ये ॲपलने ॲपचे स्क्रीन बनवायचं स्विफ्टयूआय दाखवलं, तेव्हा त्याला लागणारी 'फंक्शन बिल्डर' ही सोय ॲपलच्या स्विफ्ट भाषेत आधीच घालून झाली होती. खुल्या चर्चेतून रीतसर मंजूर होऊन, रिझल्ट बिल्डर या नावाने ती आली थेट स्विफ्टच्या 5.4 आवृत्तीत. याच्या उलट गूगलच्या गो या भाषेच्या टीमने त्याच वर्षी प्रोग्रॅममधल्या एरर हाताळण्यासाठी 'ट्राय'चा प्रस्ताव मांडला, लोकांनी जोरात विरोध केला, आणि जुलैत टीमने तो कारणं लिहून मागे घेतला. पैसा दोन्हीकडे कंपनीचाच होता.

मला सगळ्यात पटते ती पायथॉन या भाषेची रीत. 2018 मध्ये तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम प्रमुखपदावरून बाजूला झाले, त्यानंतर पाच जणांचं मंडळ आलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत. माझ्या भाषेलाही असा नियम हवा, आणि तो मी तिथं मागणार आहे.

काल रात्री पॅच नव्या कोडवर बसवून परत पाठवला. खाली एवढंच लिहिलं: यंदा तुमच्या कामात बसत नसेल तर तसं लिहा, मी पुढच्या वर्षी येतो. दुकानापुरतं कापायचं फंक्शन मी स्वतःचं घातलंय. आता पट्टीवर 'लक्ष्मण' पूर्ण छापतं.