‘पैसे मोजले की चित्र आपलं’: अर्धंच खरं

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला: ‘चित्रकाराला पैसे मोजले की चित्र आपलं आणि हक्कही आपले. हवं तसं कापा, सही खटकली तर काढून टाका. कागदपत्रं लागत नाहीत, फाइल हातात आली की झालं.’ मुखपृष्ठं आणि रेखाटनं करून पोट भरणाऱ्या माणसाने गप्प बसावं असा हा मजकूर नाही.

‘पैसे मोजले की हक्क आपले.’ यावर आमच्यातलेच काही जण लगेच म्हणतात, ‘छे, हक्क कायम चित्रकाराचेच!’ तेही चूक. परदेशी चित्रकारांच्या पोस्टी वाचून आपला कायदा कळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. निर्मिती करणारा पहिला मालक, हे खरं. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग (कोरून छापलेलं चित्र) किंवा चित्रपट केला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. आजोबांचं तैलचित्र करून घेतलंत, तर मेसेज बरोबर आहे. एवढंच नाही, मूळ चित्र १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला जो वाटा मिळू शकतो (कमाल १० टक्के), तोही पहिल्या मालकी हक्कावर अवलंबून आहे. म्हणजे तैलचित्रवाला तिथेही गेला.

पण ती यादी तेवढीच आहे. शिल्प तिच्यात नाही. व्याख्येच्या कलमात ‘पेंटिंग’ आणि ‘ड्रॉइंग’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि या यादीत ड्रॉइंग नाही. कथेसाठी शाईने केलेलं रेखाटन त्यामुळे बाहेर राहतं. टॅबवर रंगवलेलं मुखपृष्ठ यातलं नेमकं काय, यावर वकिलांनी खुशाल भांडावं.

‘कापा, सही काढा.’ इथे मेसेज सपशेल आपटतो. हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे दोन गोष्टी कलाकाराकडेच राहतात: हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार, आणि मोडतोडीने नावाला बट्टा लागत असेल तर ती अडवण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प केलं होतं. १९७९मध्ये ते त्यांना न विचारता उतरवलं गेलं आणि त्याचे तुकडे गोदामात पडले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं, वर ५ लाखांची भरपाई. पैसे मोजणारं गिऱ्हाईक साक्षात भारत सरकार होतं! (चित्र भिंतीवर लावलंच पाहिजे, अशी सक्ती मात्र हे कलम करत नाही.)

‘कागदपत्रं लागत नाहीत.’ हक्क चित्रकाराकडे असतील आणि ते तुम्हाला विकत हवे असतील, तर लेखी आणि सही केलेलंच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका कथासंग्रहाला केलेली रेखाटनं दीड वर्षाने कॉफीच्या मगवर दिसली. फोन केला तर प्रकाशक म्हणाले, ‘अहो, पैसे दिलेत ना तुम्हाला?’ जुनं बिल काढलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: ‘रेखाटनं ६, मुखपृष्ठ १.’ हक्कांबद्दल अवाक्षर नाही, त्यांच्याकडून नाही आणि माझ्याकडूनही. ते कॉफीचे मग बंद झाले, पैसे काही आले नाहीत.

आता कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते: ‘वापर: मराठी छापील आवृत्ती व तिची पुनर्मुद्रणं. मूळ कागद चित्रकाराकडे. इतर वापर आधी विचारून.’ गेल्या महिन्यात एका संपादक बाईंनी ‘छापील’पुढे पेनने ‘व ई-बुक’ लिहिलं, आकड्यात दोन हजार वाढवले आणि सही करून पाठवलं.