अंदाजे पाच मिनिटं

कॉम्प्युटरला 'अंदाजे' हा शब्द कुणी शिकवला कोण जाणे. कॉपी लावली की 'अंदाजे पाच मिनिटं' हे तो ज्या थाटात सांगतो, त्याच थाटात आमचा प्लंबर 'निघालोच साहेब' म्हणतो. मग पाचाची चाळीस होतात, मधेच दोन तास होतात, पुन्हा बारा मिनिटं. आत्ता जो वेग आहे तोच पुढे राहणार असं धरून बिचारा भागाकार करत बसलेला असतो.

एकटं असताना हे सोसता येतं. शेजारी मामा बसला असेल तर नाही.

मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, मिळून दोनशे जीबी, फोटोग्राफरने माझ्याकडे आणून टाकले होते. ते न्यायला मामा सांगलीहून हार्ड डिस्क घेऊन आला. रात्री स्वारगेटहून परतीची गाडी. कॉपी सुरू केली, वेगाने एकदम उसळी मारली, मामा म्हणाला "वा!", आणि वेग सेकंदाला तीस एमबीवर येऊन बसला. ती पहिली उसळी खोटीच असते. तेव्हा माल डिस्कवर नाही, रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत भरला जात असतो.

"दोन तास?" मामा म्हणाला. "अरे, तेवढ्यात मी सांगलीचा अर्धा रस्ता कापतो."

मग घरातले वैद्य जमले. मेव्हण्यांनी व्हायरस सांगितला. हिने रीस्टार्ट सुचवला, ती मिक्सरलाही तोच सुचवते. आई म्हणाली, "दादा, तू आधी जेवून घे." सगळ्यांत व्यवहार्य उपाय तोच होता.

मामाला मात्र गणित हवं होतं. डिस्क जिथून जोडतात त्या यूएसबीची २००० साली आलेली २.० ही आवृत्ती सेकंदाला ४८० मेगाबिटची, हे मी सांगितलं आणि पस्तावलो. "मग दोनशे जीबीला सात मिनिटं!" अरे मामा, मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भाग. राहिले साठ, त्यातून वाटखर्च जाऊन हातात पडतात तीस-चाळीस. २००८ साली ३.० आलं, ५ गिगाबिटचं. पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ ठेवलं, मग ३.२ जेन १. वेग तोच, बारसं तीनदा.

"पण तुझं हे भोक निळं आहे की. निळं म्हणजे फास्ट, असं दुकानदार म्हणाला." दुकानदार खरं बोलला होता. पोर्ट ३.०, डिस्क ३.०, आणि वेग २.० चा. तेव्हा माझी नजर मधल्या वायरीवर गेली.

"मामा, ही केबल कुठली?"

"जुन्या मोबाइलच्या चार्जरची. डिस्कबरोबरची तुझ्या मामीने नीट जपून ठेवली, म्हणून सापडत नाही. पण ही बसते की घट्ट!"

बसते, तीच तर गोम आहे. या डिस्कचं तोंड दोन कप्प्यांचं असतं. रुंद कप्प्यात चार्जरची केबल मापाने शिवल्यासारखी जाते. शेजारची छोटी खाच उघडी राहते, आणि वेगाच्या पाच पिना नेमक्या तिथे. डिस्क तक्रार करत नाही, मुकाट्याने २.० च्या चालीने चालू लागते. माझ्या खणातल्या वायरींच्या गुंत्यातून रुंद तोंडाची केबल उपसली. वेग एकशे दहा! त्याच्यापुढे तो जात नाही, आत फिरणारी तबकडीच तेवढं लिहिते. मामाने आईला हाक मारून आकडा दाखवला.

इतक्यात कॉपी थांबली. 'मुख्य समारंभ' ही फाइल फार मोठी आहे म्हणे.

"मोठी? नऊशे जीबी मोकळे दिसतायत! बाकी, एक टीबीची घेतली आणि नऊशे एकतीसच दाखवतंय. उरलेले दुकानदाराने ठेवले वाटतं."

डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या; ते भांडण मी त्या रात्री टाळलं. डिस्क कुणीतरी फॅट३२ मध्ये, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट करून दिलेली, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, मग बाकी डिस्क रिकामी का असेना. ती मर्यादा नसलेल्या नव्या पद्धतीत, एक्सफॅटमध्ये, डिस्क फॉरमॅट केली. झालेली कॉपी पुसली, पुन्हा पहिल्यापासून.

व्हिडिओ पळाले. फोटोंशी येऊन गाडं पुन्हा रुतलं. मोठी फाइल एका दमात जाते, बारक्यांची नोंद प्रत्येकीची वेगळी. वर अँटिव्हायरस एकेक उघडून तपासणार. अंतरपाट धरलेल्या हातांचेच शंभरेक फोटो, त्यात व्हायरस कुठून यायचा? शेवटी सगळ्यांची एकच मोठी झिप फाइल बांधून धाडली.

मामाला गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"अरे, टीव्हीला डिस्क दिसतच नाही. आधी दिसायची."

टीव्ही जुना, त्याला एक्सफॅट कळत नाही. हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, तोवर मामाने आवाज खाली आणला.

"तुझी केबल काढून चार्जरची लावून बघू का?"