गोव्याची एलएलबी गोव्याबाहेर चालत नाही म्हणे!

रविवारी रात्री साडेदहाला डिचोलीहून ताईचा फोन. ‘अरे, उद्या फी भरायची शेवटची तारीख, आणि हे बघ काय आलंय. भरू की नको?’ भाचीला मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून याच ताईने आठ दिवसांपूर्वी सगळ्या वाड्याला पेढे वाटले होते.

मेसेजचा मथळा ‘गोव्यातील पालकांनो, सावधान’. आतला मजकूर थोडक्यात असा: पोर्तुगिजांनी १८४२ मध्ये पणजीत आशियातलं पहिलं लॉ कॉलेज काढलं. मुक्तीनंतर भारत सरकारने ते बंद करून मुंबईला हलवलं. गोवा विद्यापीठात आजही पोर्तुगीज कायदाच शिकवतात. म्हणून तिथली एलएलबी गोव्याबाहेर चालत नाही, महाराष्ट्रात वकिली करायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. खाली अर्थातच हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

मी म्हापशाला वकिली करतो. हा मेसेज मला महिनाभरात चौथ्यांदा आला. तीनदा हसून सोडून दिला, पण आता घरातल्या पोरीच्या फीपर्यंत येऊन पोचलाय.

१८४२ मध्ये पणजीत निघालं ते मेडिकल स्कूल. एश्कोला मेदिका, आजच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची आजी. डॉक्टर आणि वकील यांतला फरक न कळणाऱ्याने इतिहास लिहायला घेतला की असं होतं. कायदा शिकायचा तर गोव्याच्या पोराला बोटीत बसून कुइंब्रा नाहीतर लिस्बन गाठावं लागे. ज्यांना ते परवडत नसे ते इथेच परीक्षा देऊन परवान्यावर वकिली करत, त्यांना प्रोव्हिजनारियु म्हणत. एक गोष्ट मान्य करतो: ‘रेलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय गोव्यात १५४४ पासून होतं, आणि ते जुनं होतं यात वाद नाही. पण कोर्ट असणं म्हणजे कॉलेज असणं नव्हे.

जे कॉलेज नव्हतंच ते मुंबईला नेलं कसं? झालं उलटं, मुंबईच इकडे आली. पहिली पदवी कॉलेजं मुक्तीनंतर, १९६२ मध्ये निघाली. मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे ही लॉ कॉलेजं त्याच्याही नंतरची. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत इथल्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्याच असत.

पोर्तुगीज कायदाच शिकवतात, या वाक्यातला ‘च’ खोटा आहे. भारतीय दंड संहिता १९६२ च्या रेग्युलेशनने गोव्याला लागू झाली आणि २०२४ मध्ये ती जाईपर्यंत देशासारखी इथेही चालली. करार, पुरावा, राज्यघटना हे सगळं भाची तेच शिकणार जे पुण्यातली पोरं शिकतात. वर गोव्याचा कौटुंबिक कायदा. हो, त्याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे, १८७० पासून ती इथे लागू आहे. आणि तिचं अधिकृत इंग्रजी भाषांतर यायला मुक्तीनंतर अर्धशतकाहून जास्त काळ गेला, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत सीनियरच्या कपाटातले पोर्तुगीज दस्त वाचायला एका म्हाताऱ्या कारकुनाला चहा पाजावा लागायचा.

आता खरा विखार, तो शेवटच्या मुद्द्यात आहे. माझ्या टेबलामागे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लटकलेली आहे. तिच्यावर नाव काय? बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. एकच कौन्सिल! पुण्याच्या पोराला आणि डिचोलीच्या पोरीला सनद देणारा हात एकच. पर्वरीत बसतं ते मुंबई उच्च न्यायालयाचंच खंडपीठ. अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम ३० जून २०११ पासून अंमलात आहे, त्याने वकिलाला देशभर वकिलीचा हक्क दिलाय. परीक्षा आहे, नाही म्हणत नाही, पण ती ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. दिल्लीवाल्यालाही द्यावी लागते. न्यायमूर्ती महेश सोनक याच मिरामारच्या कॉलेजातून शिकले आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांना कुणी ‘तुमची पदवी सीमेवरच्या बांद्याच्या चेकनाक्यापर्यंतच’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

गंमत पुढेच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलू कुतिन्हो खटल्यात निकाल दिला. वाद होता एका गोंयकाराच्या मुंबईतल्या मालमत्तेचा. वारसा गोव्याच्या कायद्याने ठरवायचा की बाहेरच्या? न्यायालय म्हणालं, ही पोर्तुगीज नागरी संहिता आता परकी राहिलेली नाही, संसदेने १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवली म्हणून ती भारतीय कायदा झाली. आणि गोव्याचा अधिवासी असेल तर त्याची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा याच कायद्याने. म्हणजे मेसेजवाला म्हणतो हा कायदा शिकून मिळालेली पदवी गोव्याबाहेर चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणतं हा कायदाच गोंयकाराच्या मागोमाग मुंबईपर्यंत जातो. गोंयकाराच्या मुंबई-पुण्यातल्या जागेचा वारसा निघाला की तिथले वकील आम्हालाच फोन करतात. मृत्युपत्राने अर्धीच मालमत्ता हवी त्याला देता येते, उरलेली अर्धी मुलांची, मुलगी असो की मुलगा, हे त्यांना पहिल्या फोनवर पटत नाही.

हे सगळं ताईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.

‘म्हणजे सासऱ्यांनी कोथरूडचा फ्लॅट मृत्युपत्रात ह्यांच्या नावे केलाय, तो पण हिशेबात धरायचा?’

‘धरावा लागणार.’

‘नणंदांना विचारता येईल?’

‘येईल की.’

‘फी भरते मी सकाळी,’ ताई म्हणाली. ‘पण हे तू आमच्या घरच्या ग्रुपवर टाकू नकोस.’