कुठल्या पेपरला आलंय सर हे?

शाळा सुटून चार तास झाले तरी राग उतरत नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबेल. वेळ नसेल त्यांनी सोडून द्या.

आज परिपाठाची पाळी आठवीकडे होती. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला. बातम्या वाचणाऱ्या मुलीने शेवटची बातमी वाचली की युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट म्हणून जाहीर केलं आहे. टाळ्या पडल्या. मुलांच्या पडल्या, आमच्याही पडल्या. टाळ्या थांबता थांबता रांगेतून एका मुलाचा आवाज आला, "कुठल्या पेपरला आलंय सर हे?"

त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. हा पोरगा रोज सकाळी आजोबांना पेपर वाचून दाखवतो, त्यांना मोतीबिंदू आहे. आज त्याने पेपर वाचला होता आणि त्यात ही बातमी नव्हती, एवढंच. तर आमच्या एका सहकाऱ्यांनी त्याला कानाला धरून पुढे आणलं. "राष्ट्रगीतावर शंका घेतोस?" पहिला तास संपेपर्यंत तो ध्वजस्तंभापाशी उभा होता. पोरं खिडकीतून बघत होती.

युनेस्कोने असं काही कधीही जाहीर केलेलं नाही. हा मेसेज आधी ईमेलवर फिरायचा, मग व्हॉट्सअॅपवर आला आणि १५ ऑगस्ट जवळ आला की पुन्हा उगवतो. आपलं राष्ट्रगीत कुणाच्या प्रमाणपत्रावाचून अडलेलं नाही. पण खरी बातमी विचारणारा पोरगा शिक्षा भोगतो आणि खोट्या बातमीला सगळी शाळा टाळ्या वाजवते, ही कुठली शाळा चालवतो आपण? आणि मी तीन पावलांवर उभी होते. गप्प.

मी गप्प राहिले हे मला जास्त लागलंय. कारण न विचारल्याने काय होतं ते मला ठाऊक आहे. ही गोष्ट मी इथे कधी लिहिलेली नाही.

जून २०१८. त्या वर्षी दहावीची पुस्तकं बदलली होती. मी इतिहास शिकवते. नव्या पुस्तकात पाचवा पाठ होता, 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास'. माध्यमांतून मिळालेली माहिती जशीच्या तशी घेऊ नये, चिकित्सा करावी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. जर्मनीच्या 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून छापलेल्या रोजनिश्या बनावट निघाल्या, ते उदाहरणही होतं. मला पाठ इतका आवडला की सुट्टीतच टाचण काढून ठेवलं होतं.

त्याच महिन्यात एका सकाळी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आला. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एक लहान मूल उचलतात आणि पसार होतात. खाली लिहिलेलं की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, वेश बदलून फिरते आहे. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. मी तो व्हिडिओ पूर्ण बघितलासुद्धा नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि चहा गाळायला घेतला.

आमच्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडाला एक डवरी गोसावी यायचे. भगवे कपडे, खांद्याला झोळी, हातात डौर. "वाढ गं माय" म्हणायचे. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासूनचे. पीठ घ्यायचे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्याच दिवशी, दुपारी, ते आले. कोपऱ्यावर चार-पाच जणांनी अडवलं. झोळी रस्त्यावर उपडी केली. आधार कार्ड मागितलं. एकाने हात टाकला. किराणा दुकानदाराने ओळखलं, मध्ये पडला, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मी वर गॅलरीत होते. खालच्या एकाच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर माझाच मेसेज उघडा होता की दुसऱ्या कुणाचा, हे मला आजही माहीत नाही.

बाबांनी सांडलेलं पीठ हाताने गोळा करून झोळीत भरलं आणि गेले. परत आले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून पकडलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही नाथपंथी डवरी गोसावी. बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. पोटासाठी इतक्या लांब गेलेले.

आणि तो व्हिडिओ? कराचीतला. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करायला एका संस्थेने बनवलेला. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. मी विचारलं असतं, "हे गाव कुठलं? ही दुकानांवरची लिपी कुठली?" माझ्या हातात चिकित्सेवरच्या पाठाचं टाचण होतं हो! तरी नाही विचारलं. कारण मलाही लहानपणापासून कुणी विचारू दिलेलं नव्हतं. वर्गात "कशावरून?" म्हटलं की "शहाणी आहेस, बस खाली" एवढंच ऐकत मी मोठी झाले.

पुढे जुलैमध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. बरं झालं. पण मी तर एकाच ठिकाणी पाठवला होता.

आता तो पाठ मी कसा शिकवते ते ऐका. परीक्षेला 'सकारण स्पष्ट करा'मध्ये हाच प्रश्न येतो, की माध्यमांतली माहिती चिकित्सकपणे का घ्यावी. पोरं गाइडमधले मुद्दे घोकतात. मुद्दे आले की पूर्ण गुण. चिकित्सा करा हेसुद्धा चिकित्सा न करता पाठ करायचं! गेली कित्येक वर्षं मी त्या उत्तरांना गुण देतेय, तेव्हा मीही यात आहेच. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यात जिज्ञासूवृत्ती अंगी बाळगणे हेही आहे. १९७६ पासून ते संविधानात आहे. आज ध्वजस्तंभापाशी उभा असलेला पोरगा तेच करत होता ना?

मान्य, शिक्षकांना वेळ नाही. माहिती भरा, फोटो अपलोड करा, निवडणुकीची कामं करा. चाळीस पोरांनी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" केलं तर धडा पुढे सरकणार नाही, हेही मान्य. पेपरात आलं म्हणजे खरं असंही नाही. असू दे.

पण केरळात कन्नूर जिल्ह्यात त्याच २०१८ साली जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखायचे तास सुरू केलेच ना? 'सत्यमेव जयते' नाव ठेवलं होतं. तिथे गोवर-रुबेलाच्या लसीवरून अफवा उठल्या होत्या. इकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच लसीची मोहीम आली, तेव्हा आमच्या शाळेत लसीच्या दिवशी सातवीचा अर्धा वर्ग रिकामा होता. लस टोचली की पुढे मूल होत नाही, असा मेसेज फिरत होता. तेव्हा मात्र आम्ही सगळे शिक्षक घरोघरी फिरलो आणि आयांना म्हणालो, "अहो ताई, कुणी सांगितलं तुम्हाला? जरा विचार करा ना!"

मला वेगळा विषय नकोय. वेगळा विषय आला की वेगळं गाइड येईल. परिपाठात बातमी वाचणाऱ्या मुलाने ती कुठे वाचली, कधीची आहे, एवढं सांगावं. कुणी शंका काढली तर दुसऱ्या दिवशी शोधून आणावं. रोज दोन मिनिटं. बस.

आत्ता राग थोडा निवळलाय म्हणून हेही लिहिते. ते सहकारी वाईट माणूस नाहीत. कोविडमध्ये मोबाइल नसलेल्या पोरांच्या वस्तीवर सायकलने जाऊन ते स्वाध्याय देऊन यायचे, मी पाहिलंय. राष्ट्रगीताबद्दल त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. म्हणूनच तो मेसेज त्यांना खरा वाटला. मला माझं मूल दिसलं, त्यांना देश दिसला. उद्या त्यांच्याशी बोलणार आहे, स्टाफरूममध्ये नाही, एकटे असताना.

मधल्या सुट्टीत तो पोरगा माझ्याकडे आला होता. "मॅडम, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. त्याने विचारलं, "मग तुम्ही का नाही बोलला तिथं?"

मला उत्तर देता आलं नाही.

गल्लीचा तो ग्रुप अजून आहे. नाव बदललं, डीपी बदलला, माणसं बहुतेक तीच. तो व्हिडिओ खोटा होता हे मी तिथे कधीच सांगितलं नव्हतं. राईनपाड्यानंतरही नाही. लाज वाटली होती आणि मग विषय मागे पडला. हे सगळं इथे लिहायच्या आधी मी तिथे लिहिलं, की जून २०१८ मध्ये मी टाकलेला मुलं पळवण्याचा व्हिडिओ खोटा होता, मी न तपासता टाकला होता, आणि आपल्याकडे येणाऱ्या गोसावीबाबांना त्या दिवशी जे झालं त्यात माझा वाटा आहे.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग किराणा दुकानदाराने लिहिलं, "ते वारले ताई, दोन वर्षं झाली. त्यांचा मुलगा सांगून गेला."